ट्रेकचा पाण्याचा फिल्टर: गाळ, बुरशी आणि गोठणं यांपासून तो कसा जपायचा

ट्रेकला नेलेला फिल्टर बहुधा घरी परतल्यावर खराब होतो. रविवारी रात्री सॅक कोपऱ्यात पडते, फिल्टर आतल्या कप्प्यात ओलाच राहतो, आणि पुढच्या वेळी बाहेर काढला की कुबट वास येतो, धार जाऊन थेंब पडायला लागतात. फिल्टर बाद झाला असं समजून महागाची वस्तू फेकली जाते. यातले बरेचसे फिल्टर तासाभराच्या मेहनतीने पुन्हा चालू होतात.

याच्या उलट प्रकार जास्त धोक्याचा आहे. हिमालयात रात्री गोठलेला फिल्टर सकाळी छान धार देतो, पण आतून फुटलेला असतो. पाणी स्वच्छ दिसतं, प्रत्यक्षात ते गाळलं गेलेलंच नसतं. म्हणून देखभालीत दोन कामं येतात: मंदावलेला फिल्टर पुन्हा वाहता करणं, आणि वाहणारा फिल्टर अजून विश्वासाचा आहे का हे तपासणं. पहिल्याबद्दल सगळे बोलतात, दुसरं बहुतेकांचं राहून जातं.

आत नेमकं काय असतं

सॉयर स्क्वीझ, कॅटाडिन बीफ्री, प्लॅटिपस क्विकड्रॉ, लाइफस्ट्रॉ हे सगळे फिल्टर एकाच जातीचे. प्लास्टिकच्या नळकांड्यात शेवयांसारख्या बारीक, पोकळ तंतूंची जुडी असते. तंतूंच्या भिंतीला ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची छिद्रं असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाणी तंतूच्या बाहेरून भिंतीतून आतल्या पोकळीत जातं आणि तिथून तोंडाकडे येतं. गाळ, शेवाळ, जंतू भिंतीच्या बाहेर अडकतात. बॅकवॉश म्हणजे स्वच्छ पाणी उलट्या दिशेने, आतून बाहेर जोरात ढकलून ही भिंत मोकळी करणं.

जुलाब करणाऱ्या परजीवींपैकी जिआर्डियाचे कोष साधारण ८ ते १२ मायक्रॉनचे, क्रिप्टोस्पोरिडियमचे ४ ते ६ मायक्रॉनचे, आणि ई. कोलायसारखे जिवाणू अर्धा मायक्रॉन जाडीचे. हे सगळे अडतात. विषाणू अडत नाहीत. दूषित पाण्यातून कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई यांचे विषाणू ०.०३ मायक्रॉनच्या आसपास असतात, ते या छिद्रांतून सहज जातात. कोकणात आणि मुंबईच्या पावसात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. त्याचा जिवाणू लांब असला तरी जाडीला जेमतेम ०.१ मायक्रॉन आणि मळसूत्रासारखा पिळदार असतो. तो ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून पार होऊ शकतो, प्रयोगशाळेत त्याला इतर जिवाणूंपासून वेगळं करायला हाच गुण वापरतात. त्यामुळे भातखाचरातलं, गोठ्याजवळून वाहणारं किंवा वस्तीच्या खालच्या अंगाचं पाणी घ्यावं लागलं तर गाळल्यावर उकळा, नाहीतर क्लोरीन टाका. समुद्रसपाटीच्या आसपास १ मिनिट खळखळून उकळी पुरते, २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं द्या. मेडिक्लोरसारखे थेंब वापरत असाल तर बाटलीवरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी गाळणं, मग क्लोरीन. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतं.

मीठ, कीटकनाशकं, कारखान्याचं सांडपाणी यांपुढे हा फिल्टर काहीच करत नाही. उन्हाळ्यात टाक्यावर निळसर-हिरवी, रंग सांडल्यासारखी साय दिसली तर ते पाणी घेऊच नका. त्या शेवाळाचं विष तंतूंतून पार होतं आणि उकळूनही जात नाही.

देखभाल पाणी भरण्यापासून सुरू होते

फिल्टरचं आयुष्य त्याच्यातून किती लिटर पाणी गेलं यापेक्षा किती गाळ गेला यावर ठरतं. पत्रकावरचे लिटरचे आकडे स्वच्छ पाण्याचे असतात. सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये ओढे तांबडे किंवा चहासारखे वाहतात, आणि आंबोली, महाबळेश्वर, कास या जांभ्याच्या पट्ट्यातली माती इतकी बारीक असते की तासन् तास पाण्यात तरंगत राहते. असं पाणी थेट फिल्टरमध्ये दाबलं तर दोन-तीन लिटरमध्येच धार निम्म्यावर येऊ शकते.

पावसाळ्यात ओढ्याऐवजी कातळावरून थेट ठिबकणारी किंवा छोटी धार शोधा. गडावरच्या कोरीव टाक्यात पिशवी (न गाळलेलं पाणी भरून जिच्या तोंडावर फिल्टर चढवतात ती) वरवर बुडवू नका, कारण वरच्या थराला पालापाचोळा, परागकण आणि किडे असतात. तळ ढवळू नका. हातभर खोलीवरचं पाणी सर्वांत निवळ असतं. दोरीला बांधलेलं भांडं हळूच सोडून, गाळ न उठवता वर ओढा. प्यायचं टाकं कोणतं हे गडाखालच्या वाडीत विचारूनच वर चढा. जनावरांचं आणि धुण्याभांड्यांचं टाकं सहसा वेगळं असतं, आणि ते नवख्याला ओळखू येत नाही.

पाणी गढूळ असेल आणि हाताशी वेळ असेल तर तुरटी वापरा. दाढीनंतर लावायचा तुरटीचा खडा ५ लिटर पाण्यात दहा-पंधरा वेळा गोल फिरवा, किंवा तेवढ्याच पाण्याला चिमूटभर पूड टाकून आधी मिनिटभर जोरात आणि मग पाचेक मिनिटं हळूहळू ढवळा. गाळाचे कापसासारखे पुंजके बांधले जातात आणि अर्ध्या तासात तळाला बसतात. वरचं निवळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता, शेवटचा कपभर तसाच सोडा. हे पुंजके फिल्टरमध्ये गेले तर मातीपेक्षा वाईट, कारण ते तंतूंवर चिकट थर धरतात. तुरटी जास्त झाली की पाणी तुरट लागतं आणि नीट निवळतही नाही, तेव्हा हात आखडता ठेवा. ज्या गावात निवळीच्या बिया वापरतात तिथे त्याही चालतात, फक्त नंतर कापडातून गाळून घ्या.

वेळ नसेल तर कापड. पुष्कळ धुतलेलं सुती कापड, म्हणजे जुनी साडी, धोतर किंवा पंचा, चार वेळा घडी करून तोंडाला बांधा. नवं कापड नको. धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाचे धागे फुगून त्याची छिद्रं लहान होतात. साध्या घडीची ताकद कमी समजू नका. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात जुन्या साडीची घडी करून पाणी गाळायला शिकवलं, तेव्हा पटकीचे (कॉलऱ्याचे) रुग्ण जवळजवळ निम्मे झाले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे नारू, म्हणजे पाण्यातून होणारा कृमीचा रोग, हटवण्याच्या मोहिमेतही पाणी गाळून घेण्यावर भर होता, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. मात्र कापडाने शेवाळ, अळ्या आणि जाड कचरा अडतो, बारीक माती नाही. मातीला तुरटीच लागते, किंवा रात्रभर स्थिर ठेवणं.

हिमालयातल्या हिमनदीच्या प्रवाहाला दुधाळ रंग असतो. तो दगडाच्या पिठाचा. बर्फाखाली खडक घासून झालेलं हे पीठ फार बारीक आणि कठीण असतं. गोमुखाच्या वाटेवर भागीरथीचं पाणी भरण्याऐवजी बाजूच्या डोंगरातून येणारा निवळ झरा घ्या. तो नसेल तर रात्री भांडं भरून ठेवा आणि सकाळी वरचं पाणी गाळा.

वापरताना

घाणेरडी पिशवी आणि स्वच्छ बाटली यांत कधीही सरमिसळ होऊ देऊ नका. पिशवीला लाल दोरा बांधा, म्हणजे अंधारातही ओळखता येते. गाळताना पिशवीच्या बाहेरून ओघळणारे थेंब बाटलीच्या तोंडात पडतात. काम चोख झाल्यासारखं वाटतं आणि दोन दिवसांनी पोट बिघडतं, ते बहुधा या थेंबांमुळे. भरल्यावर पिशवीचं तोंड आणि आटे रुमालाने पुसा, मगच फिल्टर चढवा. फिल्टरच्या स्वच्छ तोंडावर झाकण असतं, ते हरवू नका. घाणेरड्या हाताने त्या तोंडाला शिवणं म्हणजे सगळी मेहनत वाया.

पिशवी पिळू नका, गुंडाळू नका. तळव्यांनी सपाट दाबा. धार मंदावली म्हणून अंगाचा भार टाकला तर फिल्टरला फारसं काही होत नाही, पिशवीचा सांधा मात्र उसवतो, आणि तोही तोंडाजवळ. सोबतच्या पिशव्या सगळ्यात आधी जातात हे धरूनच चला आणि एक जादा ठेवा. सॉयरसारखे काही फिल्टर सॉफ्ट ड्रिंकच्या २८ मिलिमीटर आट्यांच्या बाटलीवर बसतात आणि ती बाटली पिशवीपेक्षा टिकाऊ असते. पण विकतच्या पाण्याच्या अनेक बाटल्यांची मान वेगळ्या मापाची असते, तेव्हा घरीच चढवून, उलटी धरून, गळत नाही ना ते बघा.

आट्यांच्या आत बसणारं रबरी वॉशर तपासायची सवय लावा. पिशवी काढताना ते तिलाच चिकटून निघतं आणि गवतात पडतं. वॉशर नसेल तर आट्यांतून न गाळलेलं पाणी स्वच्छ बाटलीवर ओघळतं. डब्यात दोन जादा वॉशर ठेवा. अमेरिकेतल्या कुणाकडून फिल्टर मागवत असाल तर त्याच खेपेला वॉशर आणि पिशव्याही मागवा, इकडे सुटे भाग मिळवायला त्रास पडतो.

बॅकवॉश कसा करायचा

सॉयरसोबत ६० मिलिची सिरिंज येते. ती हरवली तर मेडिकलमध्ये नळीतून अन्न देण्यासाठी ५० मिलिची रुंद टोकाची सिरिंज मिळते, ती चालते. डोंगरावर वजन नको असेल तर ओढून उघडायच्या झाकणाची बाटली गाळलेल्या पाण्याने भरून ते टोक फिल्टरच्या तोंडावर घट्ट दाबा आणि बाटली पिळा. जोर कमी मिळतो, पण अडलेलं काम होतं.

पाणी गाळलेलंच हवं, यात तडजोड नाही. बॅकवॉशचं पाणी स्वच्छ बाजूने आत जातं. ओढ्याचं पाणी तिथून ढकललं तर पुढचा प्रत्येक घोट त्या जंतूंचा. म्हणून प्रत्येक मुक्कामावर निदान अर्धा लिटर गाळलेलं पाणी बॅकवॉशसाठी राखून ठेवा.

फिल्टर घाणेरडी बाजू खाली करून धरा. सिरिंज पूर्ण भरा, हवा काढा, टोक तोंडावर घट्ट बसवा आणि एका दमात, जोरात दाबा. हळूहळू दाबण्याने काही होत नाही, कारण पाणी आधीच मोकळ्या असलेल्या तंतूंतून निघून जातं आणि तुंबलेले तसेच राहतात. जोर एकदम लागला तरच बंद छिद्रांवर दाब येतो. पहिल्या दोन-तीन वेळा तांबूस किंवा हिरवट पाणी निघेल. ते पूर्ण निवळ झाल्यावरही दोन सिरिंजा जास्त मारा. मध्येच फिल्टर तळव्यावर बाजूने हलके थोपटा, म्हणजे तंतूंच्या जुडीत बसलेला गाळ सुटतो. दगडावर आपटू नका. प्लास्टिक टिकेल, पण तंतू जिथे डिंकाने बसवलेले असतात ती जागा फुटली तर बाहेरून कळणार नाही.

कॅटाडिन बीफ्रीला सिरिंजची सोय नाही. त्याची पिशवी अर्धी स्वच्छ पाण्याने भरून, फिल्टर लावून अर्धा मिनिट जोरात हलवा आणि ते पाणी फेकून द्या. किंवा फिल्टर काढून स्वच्छ पाण्याच्या भांड्यात खळबळा. लाइफस्ट्रॉच्या नळीत प्रत्येक वापरानंतर तोंडाने उलट फुंकून राहिलेलं पाणी बाहेर काढतात.

कधी करायचं? रोज संध्याकाळी एकदा, आणि धार मंदावल्याची पहिली शंका येताच. पूर्ण तुंबेपर्यंत थांबलात तर गाळ छिद्रांत घट्ट बसतो. गाळ भरलेला फिल्टर वाळू देणं ही सर्वांत महागाची चूक. वाळलेली माती तंतूवर पक्की होते, मग ती सिरिंजने निघत नाही.

घरी परतल्यावर, त्याच रात्री

१. पिण्याच्या स्वच्छ पाण्याने जोरदार बॅकवॉश करा. घरात आरओ असेल तर तेच पाणी घ्या, कारण बोअरच्या जड पाण्याने धुऊन वाळवला की क्षार आतच राहतो.

२. कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. पाणी हाताला सोसेल इतकंच, ५० अंशांच्या आत. उकळतं पाणी कधीही नको. त्याने तंतू आणि त्यांना धरणारा डिंक दोन्ही बिघडतात. नंतर पुन्हा बॅकवॉश.

३. जड पाण्याच्या प्रदेशात फिरून आला असाल, किंवा निवळ पाण्यातही धार मंद वाटत असेल, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा. किराणा दुकानातलं साधं ५ टक्क्यांचं चालतं. सिरिंजने थोडं आतही ढकला. मग पाच-सहा सिरिंजा स्वच्छ पाणी, वास जाईपर्यंत.

४. शेवटी निर्जंतुक करा. १ लिटर पाण्यात कपड्यांच्या साध्या, बिनवासाच्या, ४ ते ५ टक्क्यांच्या ब्लीचचा १ छोटा चमचा, म्हणजे ५ मिलि. यातल्या दोन-तीन सिरिंजा हळू आत ढकला, १० मिनिटं तसंच ठेवा आणि स्वच्छ पाण्याने धुऊन काढा. काही कंपन्या १ लिटरला दोनच थेंब सांगतात आणि जास्त वेळ थांबायला सांगतात. पत्रकात वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. शौचालयाचं क्लीनर, सुगंधी ब्लीच आणि ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरू नका. टीसीएलचा न विरघळणारा चुना तंतूंत अडकतो.

व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगर आधी, भरपूर पाण्याने धुणं मध्ये, ब्लीच नंतर.

५. झटकून पाणी काढा, दोन्ही झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली उभा ठेवा. उन्हात नको, उन्हाने प्लास्टिक आणि रबर कडक होतं. हेअर ड्रायरही नको.

वाळवण्याबाबत पावसाळ्याचा वेगळा विचार करा. मे महिन्यात नागपूरला दोन-तीन दिवसांत वाळणारा फिल्टर ऑगस्टमध्ये रत्नागिरीत आठवडाभर पंख्याखाली ठेवला तरी आतून ओलाच असतो. तंतूंच्या भिंती पाणी धरून ठेवतात, बाहेरून कोरडा दिसल्याने काही ठरत नाही. तेव्हा पावसाळी हंगामात, दर शनिवार-रविवारी बाहेर पडत असाल तर, पूर्ण वाळवायच्या मागे लागूच नका. चौथी पायरी काटेकोर करा, सुती पिशवीत हवेशीर ठेवा आणि पुढच्या ट्रेकच्या आदल्या दिवशी पुन्हा धुऊन घ्या. हंगाम संपला की मात्र शांतपणे पूर्ण वाळवा आणि मग ठेवा. ओला फिल्टर झिपलॉकमध्ये बंद करणं म्हणजे बुरशीला घर देणं.

पिशव्याही धुवायच्या असतात, हे विसरलं जातं. त्याच ब्लीचच्या पाण्याने आतून खळबळा, धुवा, तोंडात चमचा उभा करून वाळवा, म्हणजे बाजू एकमेकींना चिकटत नाहीत.

धार का मंदावली

सगळी मंद धार तुंबल्यामुळेच नसते, कारण ओळखून उपाय करा.

बरेच दिवस पडून राहिलेल्या फिल्टरमधून पाणीच येत नाही, तेव्हा बहुधा तंतू कोरडे असतात. कोरड्या छिद्रांतली हवा पाण्याला वाट देत नाही. कोमट पाण्यात तासभर बुडवून, स्वच्छ बाजूने हळूहळू पाणी भरलं की तो जागा होतो. म्हणूनच ट्रेकच्या आदल्या रात्री फिल्टर ओला करून बघा, गडावर पोचल्यावर पहिल्यांदा नको.

ओला असूनही धार अडखळत, थांबून थांबून येत असेल तर नळकांड्यात हवेचा बुडबुडा अडकला आहे. फिल्टर सरळ उभा धरून, थोपटून हवा पिशवीकडे जाऊ द्या. गुरुत्वाकर्षणावर टांगून वापरताना हा त्रास जास्त होतो, कारण बुडबुडा ढकलायला दाबच नसतो.

बॅकवॉशनंतर पाणी निवळ निघतं, तरी धार मंदच? मग माती नाही, क्षार किंवा जंतूंचा चिकट थर. क्षाराला व्हिनेगर. चिकट थराला, म्हणजे वास येत असेल किंवा बोटाला बुळबुळीत लागत असेल तर, ब्लीचचं पाणी अर्धा तास ठेवून जोरदार बॅकवॉश. एका फेरीत भागत नाही, दोन-तीन फेऱ्या करा.

हे सगळं मोजून करायचं तर एक आकडा हवा. फिल्टर नवा असतानाच १ लिटर भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि पक्क्या मार्करने अंगावर लिहा. नंतर प्रत्येक साफसफाईनंतर तेवढ्याच दाबाने मोजा. आठवणीवर विसंबलं की मंद धारेची सवय होते.

गोठणं आणि फुंकून पाहणं

पाण्याचं बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं. तंतूंच्या भिंतीत अडकलेलं पाणी गोठलं की भिंत चिरते. कधीच पाणी न लागलेला नवा फिल्टर थंडीत ठीक राहतो, पण एकदा वापरला की झटकून कितीही रिकामा केला तरी थोडं पाणी आत उरतंच.

सह्याद्रीत याची चिंता नाही. पण डिसेंबर-जानेवारीत केदारकंठाला जाणारे, किंवा मे महिन्यातही ४,००० मीटरच्या वर मुक्काम करणारे यांनी फिल्टर झटकून, झिपलॉकमध्ये घालून, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घ्यावा. पिशवीत ठेवायचं ते अंथरूण भिजू नये म्हणून आणि तेवढ्या रात्रीपुरतंच. दिवसा वारा असेल तर जाकिटाच्या आतल्या खिशात. तंबूच्या कप्प्यात ठेवलेला फिल्टर बाहेर ठेवल्यासारखाच. कडाक्याच्या थंडीत बर्फ वितळवून उकळणं हाच सोपा मार्ग, स्टोव्ह पेटलेलाच असतो. क्लोरीन वापरायचं तर थंडगार पाण्यात ते मंद चालतं, वेळ दुप्पट, म्हणजे तासभर द्या.

फिल्टर फुटला आहे का, याची घरगुती चाचणी फुंकण्याची आहे. ओल्या, बारीक छिद्रांतलं पाणी पृष्ठताणामुळे इतकं घट्ट धरलेलं असतं की तोंडाच्या फुंकरीने हवा त्यातून जाऊ शकत नाही. म्हणून फिल्टर पूर्ण भिजवा, घाणेरडी बाजू स्वच्छ पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि स्वच्छ बाजूच्या तोंडातून हळू पण सलग फुंका. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे येतील, ते ठीक. नंतर फुंकर अडली पाहिजे, गाल फुगले पाहिजेत. बुडबुड्यांची सलग माळ लागली तर तंतू फुटला आहे. कोरड्या किंवा अर्धवट ओल्या फिल्टरवर ही चाचणी चुकीचा निकाल देते. पत्रकात वेगळी चाचणी असेल तर ती करा.

ही चाचणी एकतर्फी आहे. बुडबुडे आले तर फिल्टर नक्की बाद. आले नाहीत तर मोठी चीर नाही एवढंच कळतं, बारीक चिरा सुटू शकतात. रात्री फिल्टर उणे तापमानात बाहेर राहिला असं माहीत असेल, तर चाचणी पास झाली तरी प्यायच्या पाण्याला वापरू नका. दगडावर जोरात पडल्यावर मात्र चाचणी करून ठरवता येतं.

सिरॅमिक आणि कार्बन

पंपाचे सिरॅमिक फिल्टर जड असले तरी गढूळ पाण्याला जास्त पुरतात, कारण वरचा थर घासून काढता येतो. सोबतच्या किंवा मऊ स्क्रबरने, वाहत्या पाण्याखाली, सगळीकडून सारखं घासा, पांढरा रंग दिसेपर्यंत. घासल्याने जाडी कमी होते; सोबत मोजपट्टी येते, ती नळकांड्यावर सैल सरकली की बदलायची वेळ झाली. केसासारखी चीर दिसली तरी तो संपला. पंपाच्या रबरी रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावा, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नको, त्यांनी रबर फुगू शकतं. काही फिल्टरांत वास काढायला असणारी कार्बनची कांडी धुऊन पुन्हा नवी होत नाही. क्लोरीनचा वास यायला लागला की बदला.

बदलायचा कधी

व्हिनेगर आणि ब्लीचच्या दोन-तीन फेऱ्यांनंतरही १ लिटरला नव्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागत असेल, फुंकून बुडबुडे येत असतील, गोठल्याची शंका असेल, आटे झिजून वॉशरसहित गळत असेल, किंवा नळकांड्याला चीर असेल, तर नवा घ्या. बाद फिल्टर तसाच कचऱ्यात टाकू नका. कुणी उचलून वापरेल. तोंडाचा भाग पकडीने तोडा आणि मगच टाका. नव्यातून आधी घरीच २ लिटर पाणी गाळून फेकून द्या, फुंकून पाहा, १ लिटरचे सेकंद मोजा आणि तो आकडा व तारीख त्याच्यावर लिहा.